जसंच्या तसं

मेरेओनी मॅडम नाउसोरीच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवायच्या. आज मात्र पोलीस चौकीत त्यांना एक वाक्य धड जुळवता येईना. जबाब इंग्रजीत लिहून घेणारी हवालदार लोसालिनी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मॅडमची पाच वर्षांची कुइनी खिडकीशी बसून चित्र रंगवत होती.

“नवरा म्हणाला की, मी घर सोडलं तर परिणाम वाईट होतील.”

“मॅडम, हे इनडायरेक्ट झालं,” लोसालिनी हळूच म्हणाली. “अशा वाक्यातून तो सहज निसटेल. तो काय बोलला ते जसंच्या तसं सांगा.”

“अर्थ तोच आहे गं.”

“अर्थ नको, शब्द हवेत. तुम्हीच शिकवलंत ना, अवतरणचिन्हांत पदरचं काही घालायचं नाही?”

बाहेर गाडी थांबली तशा मेरेओनी दचकून उठल्या. गाडी मासेवाल्याची निघाली. त्या पुन्हा बसल्या. लेकीकडे एकवार पाहून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“तो म्हणाला, ‘घर सोडलंस तर…’”

पुढे शब्द फुटेना.

“‘तर पोरीला रेवा नदीत फेकून देईन. मग बस शोधत!’” चित्रावरची नजर न काढता कुइनी म्हणाली. आवाज हुबेहूब बापाचा.

लोसालिनीने ते तसंच उतरवून घेतलं. मेरेओनी लेकीकडे बघतच राहिल्या. नवऱ्याने धमकी दिली त्या रात्री पोर गाढ झोपेत होती, असंच त्या धरून चालल्या होत्या.