भरमूअण्णांची लाल बादली

पेट्रोलपंपाची टाकी गळते आणि आमच्या पाण्याला डिझेलचा वास येतो, अशी तक्रार भरमूअण्णांनी बेळगावात केली होती. भूजल तपासायला आलेल्या नीलमला गावातल्या सातही विहिरींत डिझेल सापडलं, पंपापेक्षा उंच टेकडीवरच्या विहिरीतसुद्धा. “डिझेल चढ चढून गेलं कसं, अण्णा?” “पंपवाला लई पोचलेला हाय, मॅडम.” संध्याकाळी सगळ्या विहिरी बंद होणार होत्या. नीलमची नजर अण्णांच्या लाल बादलीवर गेली. प्रत्येक नमुना त्यांनी हौसेनं याच बादलीनं उपसून दिला होता. तिनं आपलं पिण्याचं बाटलीबंद पाणी बादलीत ओतून यंत्राला दाखवलं. त्यातही डिझेल निघालं. “विहिरी ठणठणीत आहेत. डिझेल बादलीत आहे.” गावानं हुश्श केलं. अण्णांचा चेहरा पडला. मग त्यांनी बादली उलटी करून बुडावरचं पंपाचं नाव दाखवलं. “शिमग्याला तिथनंच उचलून आणलीया. म्हंजे डिझेल पंपाचंच न्हवं?”