पुढे केलेली खुर्ची

सरपंचांनी स्वतः खुर्ची पुढे केली, तशी भिवराबाई सावध झाली. बौद्धवाड्यातल्या माणसाला ग्रामपंचायतीत आजवर कुणी बसा म्हटलं नव्हतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. ती टेकली, पण काठावरच.

“मावशी, मोर्चा जरूर काढा,” सरपंच म्हणाले. “फक्त पेठेतून नको, मागच्या रस्त्यानं न्या. रहदारी अडते, लोकांचे हाल होतात.”

मावशी! म्हणजे खुर्ची यासाठी होती तर.

“माझा भाऊ तुमच्या माणसांपुढं सायकलवरनं उतरला न्हाई, म्हणून त्याला ह्याच पेठेतनं मरेस्तोवर फरफटत नेला. भर बाजाराच्या दिवशी. तवा कुणाची रहदारी अडली न्हाई.”

“जुनं कशाला उकरता?”

भिवराबाईनं खुर्ची उचलली, बाहेर पेठेच्या मधोमध मांडली आणि आता मात्र पाठ टेकून बसली.