पोचल्याचा मेसेज

हृदयाच्या ऑपरेशननंतर रुग्णालयाने बाबांची जोडी तसंच ऑपरेशन झालेल्या एका निवृत्त ड्रायव्हरकाकांशी लावून दिली. रोज सकाळी फिरायला निघताना एकमेकांना ‘निघालो’ असा मेसेज करायचा, घरी आल्यावर ‘पोचलो’. काकांचं ‘पोचलो’ येईपर्यंत बाबा चहाला हात लावत नसत. बाबा जाऊन महिना झाला, तरी त्यांचा फोन मी रोज चार्ज करते. काकांचे मेसेज मात्र थांबले होते. आज मीच बाबांच्या फोनवरून त्यांना लिहिलं, “काका, फिरणं बंद?” “धीर होत नाही, पोरी. तुझा बाप एवढा चालला, तरी गेलाच ना?” “डॉक्टरांनी एकच वर्ष सांगितलं होतं. बाबा सहा वर्षं चालले. मी चहा ओतून बसलेय.” बऱ्याच वेळाने ‘निघालो’ आलं. चहावर साय धरली, मी हात लावला नाही. मग फोन थरथरला: “पोचलो. हट्टी! बापावर गेलीस. नवा चहा टाक.”