खांदा सैल ठेव

“खांदा सैल ठेव गं. माणसाला श्वास घेता आला पाहिजे.”

लग्नानंतर मास्तरीणबाईंनी पहिला कपडा बेतला, तेव्हा त्यांचे नवरे, टेलरमास्तर, असं म्हणाले होते. त्याला चाळीस वर्षं झाली. मास्तर जाऊन आता तीन महिने.

त्यांच्या कपाटाच्या तळाशी नणंदेला पेन्वार सापडला. परदेशी फॅशनच्या पुस्तकात बायका केस विंचरताना अंगावर घेतात, तसला रेशमी झगा. निळा, गळ्याला लेस, कोपरांवर विरलेला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई तोच झगा घालून, बाह्या दोनदा दुमडून, भर उजेडात दुकानातल्या मशीनवर बसल्या.

“लाज नाही वाटत, वहिनी? सवतीचं अंगावर घालून मिरवता?”

“टाके बघा, वन्सं. एक उसवला नाही अजून.”

“चुलीत गेले टाके! कोण होती ती?”

सुई पुढे, दोरा मागे. मास्तरीणबाईंनी मशीन तसंच चालू ठेवलं.

नणंद हट्टाला पेटली. तिने टेप लावून झगा मोजला. खांदा अठरा, बाही पंचवीस. मग बायकांच्या मापांची वही काढली. मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप लिहून ठेवत. आठ दिवस ती पान न् पान चाळत बसली. एवढ्या खांद्याची एकही बाई निघाली नाही.

“कळलं!” नवव्या दिवशी तिने वही आपटली. “कोपऱ्यावरची नर्सबाई! केवढी धिप्पाड आहे. आणि इथे कधी साधा रुमाल शिवायला टाकला नाही तिने. चोराच्या मनात चांदणं! काढा तो झगा. चार लोकांत तिच्या तोंडावर फेकते.”

मशीन थांबलं. मास्तरीणबाई उठल्या, दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभ्या राहिल्या.

“झगा मी काढणार नाही. आणि त्या बिचारीच्या दारात तुम्ही जाणार नाही.”

“का? ती नाही, तर मग कोण? आज बोलल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला.”

मास्तरीणबाईंनी दुमडलेल्या बाह्या हळूच सोडल्या. निळं रेशीम बोटांच्याही खाली उतरलं.

“चुकीची वही चाळलीत, वन्सं. पुरुषांची काढा. पहिल्याच पानावर तुमच्या दादाचं माप आहे. हा मीच शिवलाय त्यांना, खांदा सैल ठेवून.”