चिंगी अडली

"चिंगी अजून नऊवरच अडकलीय," घड्याळजी म्हणाला, आणि त्याच्या बायकोने हातातलं ताट सिंकमध्ये आपटलं.

चिंगी म्हणजे कुणी पोरगी नव्हे. कॉम्प्युटरवरच्या खेळातली बोटभर उंचीची लढवय्यी. असे पाच जण होते: लंबू, जाड्या, चिंगी, एक नेमबाज आणि एक ज्याला घड्याळजीने नावच दिलं नव्हतं. राक्षस मारायचे, पूल ओलांडायचे, एकेक लेव्हल चढायची. पन्नाशीला टेकलेला माणूस सकाळपासून हेच करत बसायचा, आणि बायको औषधांच्या दुकानात आठ तास उभी राहून यायची.

सहा महिन्यांपूर्वी तो काम करायचा त्या घड्याळांच्या दुकानाचं शटर त्याच्या उजव्या हातावर पडलं, तेव्हा तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आता रडू संपलं होतं, राग तेवढा उरला होता. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, रोज शंभर वेळा दाबा म्हणून. तिसऱ्याच आठवड्यात घड्याळजी त्यांच्यावर असा खेकसला की बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. चेंडू पलंगाखाली धूळ खात पडला. हात दाखवा म्हटलं की हात खिशात.

दाराकडे पाठ करून खेळायचा. उठताना डावा हात झटकायचा, मुंग्या आल्या म्हणायचा. येणारच, खेळ आणखी, असं ती मनात म्हणायची. डाव्या हाताने राक्षस मारता येतात, मग दोन कप विसळता येत नाहीत होय?

एकदा तिने विचारलंही, पाचांना एकदम का नाही उतरवत, लवकर आटपेल तरी. तेवढ्यापुरता तो खुलला.

"गटाने खेळलं की दुबळा दुबळाच राहतो," तो म्हणाला. "चौघं राबतात आणि पाचवा मागे उभा राहून आयतं खातो. एकेकाला एकट्यानंच चढवावं लागतं."

"एवढी अक्कल हाताला लावली असतीत तर," ती म्हणाली. तो पुन्हा पडद्याकडे वळला.

मालकांनी पंधरा तारखेपर्यंत त्याचं टेबल राखून ठेवलं होतं. बावीस वर्षं त्याच टेबलावर बसून घड्याळजीने लोकांची मेलेली घड्याळं उठवली होती. ते गेलं की हा माणूस घरात गंजणार, हे तिला लख्ख दिसत होतं, त्याला मात्र दिसत नव्हतं. कानीकपाळी ओरडून झालं, अबोला धरून झाला. पालथ्या घड्यावर पाणी.

एक तारखेला तिने कॅलेंडरचं पान उलटलं. पंधराच्या चौकोनात वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: पाचही जण वीसवर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या दिवशी टेबल जाणार, नेमका तोच दिवस ह्याच्या खेळाचा! लाज कशी वाटत नाही, असं तिने तोंडावर विचारलं. दोनदा तुला शब्द दिला आणि दोनदा तोंडघशी पडलो, आता बोलणार नाही, पंधराला बघ, एवढंच तो पुटपुटला आणि पुन्हा पाठ फिरवून बसला.

तेराला ती दुपारीच घरी आली. आतून आवाज येत होता.

"ऊठ, मेले, ऊठ! चौघं पोचले वर. तूच माझं वाटोळं करणार आहेस!"

घड्याळजी चिंगीला शिव्या घालत होता. शिव्या घालता घालता विनवतही होता. त्या बोटभर बाहुलीच्या विनवण्या करतो, आणि इथे जितीजागती बायको झिजतेय तिचं काही नाही. तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. तशीच वळली आणि तडक घड्याळांच्या दुकानात गेली.

मालक भला माणूस. एक नवा कारागीर रोज चकरा मारतोय, पण शब्द दिलाय तर अजून दोन दिवस थांबतो, असं ते म्हणाले.

"थांबू नका," ती म्हणाली. "ते येणार नाहीत."

"वहिनी, विचार करा. एकदा बसवला की त्याला उठवता यायचं नाही मला."

"केलाय विचार. देऊन टाका."

मालकांनी तिच्यासमोरच फोन लावला. अर्ध्या तासात तो कारागीर आला आणि खुर्ची पुढे ओढून बसलासुद्धा. घड्याळजीचे चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, बारके पेचकस, सगळं मालकांनी एका कापडी पिशवीत भरून तिच्या हाती दिलं. भोगा म्हणावं आता, असं घोकत ती घरी निघाली. गेल्या गेल्या पिशवी त्याच्या त्या कॉम्प्युटरवरच आपटायची, हे तिने रस्त्यातच ठरवलं होतं.

दारात घड्याळजीच उभा होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसत होता. त्याने तिला तोंड उघडूच दिलं नाही. ओढत नेऊन कॉम्प्युटरसमोर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवला, रोजच्या सवयीने. मग उजवा हात खिशातून काढून कीबोर्डवर टेकवला आणि एकेकाला पडद्यावर बोलावलं. नुसता अंगठा हलला आणि जाड्या चालू लागला. शेजारचं बोट हललं, नेमबाजाने बाण सोडला. मधल्या बोटाने लंबू धावला. त्यापुढच्या बोटाने तो बिननावाचा. शेवटी चारही बोटं वर उचलून धरत त्याने एकटी करंगळी खाली आणली. ती थरथरली, थांबली, पण कळ दाबली गेली. चिंगी पूल ओलांडून पलीकडे गेली. तिच्या डोक्यावर वीसचा आकडा होता.

"करंगळी टेकल्याशिवाय चिमटा स्थिर राहत नाही गं. हिच्याचसाठी अडलं होतं सगळं," तो म्हणाला. "मालकांना सांग, उद्यापासून टेबलावर बसतो. आणि पिशवीत काय आणलंस?"