ताईचे डोळे

आप्पाच्या गेलेल्या ताईचा चेहरा पत्र्यात कापून दारावर लावायचा, हा दाजींचा हट्ट.

“दाजी, या प्लाझ्मा कटरची ज्योत कापताना दीड मिलिमीटर पत्रा खाते. डोळ्यांचं बारीक काम जमणार नाही, नुसती भोकं पडतील,” असं म्हणून आप्पाने कॉम्प्युटरवरच्या चित्रातून डोळे पुसून टाकले. खरं तर त्यालाच ते नको होते. शेवटच्या दिवशी ताईचे उघडे राहिलेले डोळे त्यानेच तळहाताने मिटले होते.

भर दुपारी त्याने सगळ्यात बारीक नोझल लावलं, वेग कमी केला आणि मशीन सुरू केलं. केसांच्या बटा, नाक, ओठ कापून मशीनची ज्योत थांबली.

पत्रा निवल्यावर आप्पाने तो भिंतीला टेकवला.

डोळे होते. मिटलेले. पापणीचा केस न् केस सुटा कापलेला, ज्योतीच्या बापालाही जमणार नाही इतका बारीक.

“अरे, तू तर पुसले होतेस ना?” मागे उभ्या दाजींचा आवाज चिरकला.

त्यांना आणखी दिसू नयेत म्हणून आप्पाने घाईघाईने डोळ्यांवर तळहात ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच.

लोखंड गार लागलं. मग तळहाताला हळूच गुदगुली झाली.

पापण्या उघडत होत्या.