नियम क्रमांक चार

कुटुंब टिकतं ते नियमांमुळे. हे सत्य बाबांनी सहा नियमांसकट छापून फ्रिजवर चिकटवलं होतं. आईनं त्याच कागदावर प्लंबरचा नंबर लिहून ठेवला होता.

आज संध्याकाळी नियम क्रमांक चार पहिल्यांदाच लागू होत होता. ज्याच्या डिस्कवर वर्षभर काहीही ठेवलं गेलं नाही, त्याची डिस्क काढून टाकण्यात येईल. नात्याचा विचार होणार नाही.

एका मोठ्या कंपनीचा सगळा डेटा सांभाळून बाबा निवृत्त झाले आणि महिन्याभरात चपलांच्या कपाटाखाली एक पेटी येऊन बसली. ती दिवसभर भुणभुणायची, म्हणून आई तिला भुणभुणी म्हणायची. पेटीत खऱ्या डिस्क चार. त्यांची जागा एकत्र करून बाबांनी घरातल्या तिघांना एकेक आभासी डिस्क कापून दिली होती. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलीलासुद्धा. तिनं तिथून जोडली की डिस्क तिच्या संगणकावर दिसायची आणि इकडे बाबांच्या पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा दिवा लागायचा. मात्र दर वेळी सोळा अक्षरांचा पासवर्ड हातानं टाइप करावा लागे. तो संगणकात जपून ठेवायची सोय बाबांनी सुरक्षिततेसाठी बंद केली होती. या पासवर्डला कंटाळून आईनं आपली डिस्क कधीच बाबांच्या हवाली केली होती.

रोज आठच्या सुमाराला मुलीचा दिवा लागे. "बाईसाहेब कामाला लागल्या," असं म्हणून बाबा जेवायला उठत.

आज पेटी भरत आल्याची सूचना आली, म्हणून कोणी किती जागा खाल्ली ते त्यांनी पाहिलं. जवळपास सगळी जागा त्यांच्याच बॅकअपच्या बॅकअपनी खाल्ली होती. आईचे फोटो चिमूटभर. मुलीच्या डिस्कवर शून्य. दोन वर्षांत एक फोटो नाही की एक कागद नाही.

बाबांनी पेटीला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा शून्य. पोरीनं या घरात काहीच ठेवलेलं नव्हतं. उद्याची भाजी निवडता निवडता आई म्हणाली, राहू द्या की, ती डिस्क काय खायला मागतेय का. बाबांनी फ्रिजकडे बोट दाखवलं आणि 'काढून टाका'वर क्लिक केलं.

पेटीनं साफ नकार दिला. डिस्क सध्या वापरात आहे, आधी जोडणी तोडा.

आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. हिरवा दिवा लागला होता.

बाबांनी जुन्या नोंदी उघडल्या. दोन वर्षं, रोज आठच्या आसपास जोडणी. दहा मिनिटांनी बंद. मधे ना काही लिहिलेलं, ना काही वाचलेलं. ती तापानं झोपून होती ते चार दिवससुद्धा चुकलेले नव्हते.

त्यांनी फोन लावला आणि ऑफिसातल्या आवाजात विचारलं, की काही ठेवायचंच नसतं तर रोज जोडतेस कशाला.

"मग काय करू, बाबा? फोन केला की तुम्ही 'थांब, आईला देतो' म्हणता. आणि आई सांगते, दिवा लागल्याशिवाय तुम्ही जेवायला बसत नाही."

रोजची सोळा अक्षरं. बाबांनी मनातल्या मनात दोन वर्षांचा गुणाकार सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

बाबांनी पडद्यावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं.

"थांब," ते म्हणाले, "आईला देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले निम्मे बॅकअप उडवले, नियम क्रमांक चार खोडला आणि मुलीच्या डिस्कचा आकार दुप्पट केला.

ती अजून रिकामीच आहे.